आगीचा बंब कोणाच्या हाती?



गिरणीत कापूस असतो, म्हणून आगीचा बंबही असतो. बंब नको म्हणणारा कामगार अजून जन्मायचा आहे. पण आग लागली हे ठरवायचं कोणी? आग नसताना बंबाचा मारा हक्क मागणाऱ्या माणसांवर केला तर? आणि आग विझल्यावरही खातं बंदच ठेवलं तर? आपल्या राज्यघटनेतही असाच एक बंब ठेवलेला आहे. त्याला आणीबाणीचे अधिकार म्हणतात. हा वकिलांचा विषय, आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणू नये. हा बंब सुटला तेव्हा त्याचं पाणी आपल्याच चुलीवर पडलं आहे.

घटनेत तीन कलमं आहेत. कलम ३५२ देशावरच्या संकटासाठी. कलम ३५६ एखाद्या राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालेनासा झाला तर राष्ट्रपती राजवट आणण्यासाठी. कलम ३६० पैशाच्या संकटासाठी, ते आजवर एकदाही वापरलेलं नाही.

आपला देश संघराज्य आहे. दिल्लीची कामं वेगळी, राज्याची वेगळी. पण ३५२ लागलं की राज्यांच्या विषयांवरही संसद कायदे करू शकते, आणि कारभार कसा चालवायचा याचे हुकूम दिल्ली राज्यांना सोडू शकते. युद्ध दारात आलं तर हे लागणारच, ते आम्ही मान्य करतो. पण हिशेब पाहा. चीनच्या आक्रमणामुळं ऑक्टोबर १९६२ मध्ये आणीबाणी पुकारली. नोव्हेंबरात लढाई थांबली. आणीबाणी मात्र उठली जानेवारी १९६८ मध्ये! महिन्याभराची आग आणि पाच वर्षांहून अधिक बंब चालू.

मग आली २५ जून १९७५ ची रात्र. "अंतर्गत अशांतता" एवढ्या दोन शब्दांवर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाला ही गोष्ट कळली दुसऱ्या दिवशी सकाळी. एक लाखाहून अधिक माणसं विनाचौकशी तुरुंगात गेली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, लोकसभेनं स्वतःचीच मुदत वाढवून घेतली. आणि आपलं काय झालं? सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. निम्म्याहून अधिक कापला, आणि संप करायची तर सोयच नव्हती. ते ८.३३ परत मिळाले १९७७ साली, सरकार बदलल्यावर. बोनस आणि घटना यांचा काय संबंध असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

कोर्टात जायचं म्हणाल, तर एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी दादच मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. पुढं त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं.

लोकांनी १९७७ साली मतपेटीतून जाब विचारला, म्हणून १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि बंबाला कुलपं लागली. "अंतर्गत अशांतता" जाऊन तिथं "सशस्त्र उठाव" आला. मंत्रिमंडळाची लेखी शिफारस लागते. महिन्याभरात संसदेची मंजुरी, तीही हजर सभासदांच्या दोनतृतीयांश मतांनी. दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी. आणि जीविताचा हक्क आता आणीबाणीतही गुंडाळून ठेवता येत नाही.

दुसरा बंब ३५६ चा. त्याचं मूळ इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यातलं कलम ९३ : गव्हर्नरनं प्रांताचा कारभार आपल्या मुठीत घ्यावा. ही कलमं वापरायची पाळीच येऊ नये, अशी आशा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत बोलून दाखवली होती. झालं उलटंच. १९५९ साली केरळात नंबुद्रीपादांचं बहुमतातलं सरकार बडतर्फ झालं. १९७७ साली जनता सरकारनं नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं घरी बसवली. १९८० साली काँग्रेसनं नऊ राज्यांत तोच डाव उलटवला, आणि महाराष्ट्रातलं शरद पवारांचं सरकारही त्यात गेलं. म्हणजे दोष एका पक्षाचा नाही. हत्यार ज्याच्या हाती, त्याचा हात शिवशिवतोच.

१९८९ साली कर्नाटकात बोम्मईंचं सरकार असंच काढलं. ते कोर्टात गेले. ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला : बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरत नाही, विधानसभेत ठरतं, राष्ट्रपती राजवटीची कारणं कोर्ट तपासू शकतं, आणि संसदेच्या मंजुरीआधी विधानसभा विसर्जित करता येत नाही. याच निकालाच्या वाटेनं २०१६ साली उत्तराखंडात सभागृहात मतदान झालं आणि काढलेलं सरकार परत आलं.

पण निकालाला पाच वर्षं लागली. तोवर कर्नाटकात निवडणूक होऊन नवी विधानसभा बसली होती. २००५ साली बिहारची विधानसभा विसर्जित केली, तेही कोर्टानं घटनाबाह्य ठरवलं, पण विधानसभा काही परत आली नाही. कामावरून काढलेल्या बदलीवाल्याला गिरणी बंद पडल्यावर कामावर घेण्याचा हुकूम मिळावा, तशातली ही गत!

म्हणून आमचं मागणं साधं आहे. ३५२ ला दोनतृतीयांश मतांचं कुलूप, मग ३५६ ला नुसतं साधं बहुमत का? तिथंही तेच कुलूप लावा. सरकार काढण्याआधी विधानसभेत मतदान घेणं घटनेतच लिहून टाका. आणि असा खटला कोर्टानं ठरलेल्या दिवसांत निकाली काढावा.

हे कोणी आपणहून देणार नाही. १९७८ ची कुलपंसुद्धा लोकांनी मत दिल्यावरच लागली. तेव्हा फाटकावरची नोटीस आपण जशी शब्द न् शब्द वाचतो, तशी ही कलमं वाचा. वाचता येत नसेल त्याला पाळी सुटल्यावर वाचून दाखवा. मत मागायला जो येईल, मग तो कुठल्याही झेंड्याचा असो, त्याला तोंडावर विचारा : बाबा रे, ३५६ ला कुलूप लावणार की नाही? आणि तो काय म्हणतो ते युनियनच्या फळ्यावर लिहून ठेवा.