संगणक किती आहेत हे नको, मूल किती मिनिटांत कामाला लागतं ते विचारा



शाळेच्या संगणक कक्षाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडे संगणक किती आहेत?" दहा, बारा, वीस असा काहीतरी आकडा सांगितला की विचारणाऱ्याचं समाधान होतं. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. तासाची घंटा झाल्यापासून किती मिनिटांनी मुलाच्या हाताला काम लागतं, हे कुणी विचारत नाही. मूल आपलं नाव आणि पासवर्ड टाकतं आणि पडद्यावर फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसतं. तो गोल किती वेळ फिरतो यावर त्या मुलाला संगणक किती मिळाला हे ठरतं.

आधी साधा हिशोब करू. तासिका ३५ मिनिटांची, आठवड्याला दोन तासिका. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. म्हणजे ढोबळमानाने ३६ आठवडे धरू. वर्षाच्या ७२ तासिका झाल्या. प्रत्येक वेळी लॉगिन होईपर्यंत ९ मिनिटं गेली, तर ७२ गुणिले ९ म्हणजे ६४८ मिनिटं. त्याला ३५ ने भागा. १८ पेक्षा जास्त तासिका! वर्षाचा पाव हिस्सा गोल बघण्यात गेला. ज्याच्या घरी संगणक आहे त्या मुलाचं यात फार बिघडत नाही. पण ज्याच्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो, त्या मुलासाठी ही ३५ मिनिटंच सगळं काही असतात. नुकसान त्याचं होतं.

यावर उपाय काय सुचवला जातो? "संगणक जुने झाले, नवे मागवा." रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत. नवे संगणक येतात, त्याच जुन्या वायरींना आणि त्याच सर्व्हरला जोडले जातात, आणि गोल पुन्हा फिरायला लागतो. दुसरा आवडता उपाय म्हणजे फॉरमॅट. फॉरमॅट केल्यावर चार दिवस बरं वाटतं, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळलेलं नसतं. मुलांचं जुनं काम मात्र पुसलं जातं.

आधी मोजा, मग मागा

"संगणक स्लो आहे" असं म्हणणं म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच सांगण्यासारखं आहे. कुठं दुखतंय ते सांगायला हवं. त्यासाठी घड्याळ लावून तीन वेळा वेगवेगळ्या मोजाव्यात.

१) बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत.
२) पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत.
३) डेस्कटॉप दिसल्यापासून एखादा प्रोग्रॅम उघडून त्यात प्रत्यक्ष टाइप करता येईपर्यंत.

हे मोजमाप दोनदा करावं. एकदा कक्षात एकच संगणक चालू ठेवून, आणि एकदा सगळी मुलं एकाच वेळी लॉगिन करत असताना. सहावी-सातवीची मुलं हे काम आनंदाने करतात. सेकंद मोजणं, तक्ता भरणं, सरासरी काढणं, स्तंभालेख काढणं, असा गणिताचा आख्खा उपक्रम यात होतो.

एक गोष्ट आधीच वेगळी करून ठेवू. कार्यालयात यू-डायस प्लससारख्या संकेतस्थळावर माहिती भरताना जे लॉगिन करतो ते वेगळं, आणि आपल्या संगणकात शिरण्याचं लॉगिन वेगळं. पहिलं इंटरनेटवर आणि दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असतं. दुसरं शाळेच्या चार भिंतींच्या आतलं असतं, म्हणून ते आपल्याला सुधारता येतं. या लेखात दुसऱ्याबद्दलच बोलतो आहे.

तीन वेळा, तीन दुखणी

पहिली वेळ जास्त असेल तर दोष बहुधा त्या संगणकातच असतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा काटा इकडून तिकडे पळतो. संगणक सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात, तिथे ती दमते. त्या जागी एसएसडी बसवली तर नव्या संगणकाच्या मानाने थोड्या खर्चात तोच संगणक पुष्कळ चपळ होतो. रॅम कमी असेल तर तीही वाढवता येते का ते विचारावं.

तिसरी वेळ जास्त असेल तर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची गर्दी बघा. विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या स्टार्टअपच्या यादीत संगणकाबरोबर उठणारे सगळे प्रोग्रॅम दिसतात. मुलांना नको असलेले तिथून बंद करता येतात. एकाच संगणकात दोन अँटिव्हायरस घातलेले असतील तर एक काढायला सांगावा.

खरी गंमत दुसऱ्या वेळेत आहे. पासवर्ड टाकल्यावर संगणक सर्व्हरला विचारतो, "हे मूल आपलंच ना?" सर्व्हर ओळख पटवतो, शाळेने ठरवलेले नियम लागू करतो आणि काही ठिकाणी त्या मुलाचं सगळं सामान, म्हणजे डेस्कटॉप आणि फाइली, त्या संगणकावर आणून देतो. यातलं काहीही अडलं की गोल फिरत राहतो. अडण्याची नेहमीची कारणं अशी:

• संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून बाहेरचा, इंटरनेटवरचा पत्ता टाकलेला असणं. डीएनएस म्हणजे पत्ते सांगणारा माणूस. आपल्या वाडीतलं घर परगावच्या माणसाला विचारलं तर तो काय सांगणार? सर्व्हरवर नोंदलेल्या संगणकाला शाळेतल्या सर्व्हरचा पत्ता शाळेतल्याच डीएनएसकडून मिळायला हवा. बाहेर विचारत बसला की उत्तर मिळत नाही आणि वेळ जातो.

• लॉगिन होताना जोडायचा म्हणून एखादा जुना प्रिंटर किंवा फोल्डर नोंदवून ठेवलेला असणं. प्रिंटर कधीच भंगारात गेला, पण संगणक रोज त्याची वाट बघतो.

• खराब वायर. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात. गिगाबिट वेगाला आठही लागतात, तर १०० मेगाबिटला चार पुरतात. उंदराने किंवा खुर्चीच्या चाकाने एखादी तार तोडली तरी जोडणी चालू दिसते, फक्त वेग एक दशांशावर येतो. वायर बदलून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

• चुकलेलं घड्याळ. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की संगणकाची तारीख मागे जाते. सर्व्हरच्या आणि संगणकाच्या घड्याळात जास्त फरक पडला तर ओळख नाकारली जाऊ शकते. ही मर्यादा सहसा ५ मिनिटांची ठेवलेली असते.

आमच्या कक्षातला हिशोब

आमच्या शाळेत बारा संगणक आणि एक सर्व्हर आहे. मुलांनी मोजलं तेव्हा एकटा संगणक दीड मिनिटात लॉगिन होत होता आणि बारा एकत्र केले की साडेआठ ते नऊ मिनिटं लागत होती. म्हणजे संगणक नव्हते दमत, रस्ता अडत होता. कक्षाची मांडणी करून देणाऱ्यांनी पाठांचे व्हिडिओ सोयीसाठी प्रत्येक मुलाच्या डेस्कटॉपवर ठेवले होते, साधारण ५०० एमबी. मूल बाहेर पडलं की संगणकावरची प्रत पुसली जायची, त्यामुळे दर तासाला ते सगळं सर्व्हरकडून नव्याने यायचं. बारा मुलांचे ६,००० एमबी झाले. सर्व्हरची जोडणी १०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. ६,००० भागिले १२.५ करा. ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं. पाटीवर हे गणित मुलांनीच सोडवलं.

व्हिडिओ एका सामायिक फोल्डरमध्ये हलवले आणि डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट ठेवला. आता बारा मुलं एकत्र बसली तरी दोन मिनिटांच्या आत काम सुरू होतं. एक रुपयाही खर्च झाला नाही.

हे शिक्षकाचं काम आहे का?

हा प्रश्न रास्त आहे. आधीच अहवाल, याद्या, ऑनलाइन माहिती यांचं ओझं डोक्यावर आहे. त्यात आता वायरी पण बघायच्या? माझं मत असं की दुरुस्ती हे आपलं काम नाही. सर्व्हरची सेटिंग आपण उगाच बदलूही नये. पण मोजणं आणि लिहून ठेवणं हे आपलंच काम आहे, कारण तो तास आपला आहे. तंत्रज्ञ येतो तेव्हा वर्ग नसतो. रिकाम्या कक्षात एक संगणक लावून तो म्हणतो, "सर, चालतोय की!" आपल्याकडे तक्ता असेल तर त्याला सांगता येतं, "एकटा चालतो, बारा मिळून चालत नाहीत. पासवर्डनंतर अडतो." मग फॉरमॅटचा विषयच निघत नाही.

आणखी एक पळवाट दिसते. लॉगिन लवकर व्हावं म्हणून सगळ्या शाळेला एकच नाव आणि एकच पासवर्ड. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ते ठीक आहे. पण पाचवीच्या पुढे मला ते पटत नाही. स्वतःचा पासवर्ड जपणं हासुद्धा एक पाठ आहे. शिवाय सामायिक खात्यात एकाने काढलेलं चित्र दुसरा सहज पुसतो, आणि ते कुणी पुसलं हे कधीच कळत नाही. वहीवर नाव घालायला आपण सांगतोच ना?

काही संगणक खरोखर बदलायला झालेले असतात, हेही मान्य. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या संगणकांवर ११ चालत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स किंवा नवा संगणक असा निर्णय घ्यावाच लागेल. पण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. लॉगिनच्या उशिरावर ते आपोआप औषध ठरणार नाही.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत "संगणक किती?" असं विचारू नका. "घंटा झाल्यावर किती मिनिटांत माझं मूल कामाला लागतं?" असं विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आकड्यात तयार असू द्या. नवे संगणक मिळतील तेव्हा मिळतील. आहेत त्या संगणकांवरची गेलेली १८ तासिका मुलांना परत देणं पुष्कळदा आपल्या हातात असतं. एक घड्याळ, एक वही आणि सातवीचा वर्ग, एवढ्यावर सुरुवात होते.