ट्यूबचा टीव्ही चालतोय, मग एक्स्चेंज कशाला?



अक्षय्य तृतीया जवळ आली की टपाल नाक्यापासून पुढे दुकानादुकानांवर एकच बोर्ड लागतो: जुना टीव्ही द्या, नवा पातळ टीव्ही न्या. राजा श्रेयांसाने भगवान आदिनाथांना उसाच्या रसाचा आहार दिला, तो हा दिवस. दानाचा. तो खरेदीचा कधी झाला कोण जाणे!

२०१३ मध्ये त्यात सेट टॉप बॉक्सची भर पडली. मुंबईत २०१२ मध्ये, ३१ ऑक्टोबरला जुन्या पद्धतीचं केबल बंद झालं. मग ते आपल्या पनवेललाही येणार होतं, आणि बॉक्स यायच्या आधी अफवा आली की जुन्या टीव्हीला तो चालत नाही. मंदिरात मला तिघींनी हेच सांगितलं. हे खरं नाही. ट्यूबच्या टीव्हीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची गोल भोकं असतात ना, तिथे बॉक्सची वायर बसते. फारच जुना संच असला तर मेकॅनिक मध्ये एक छोटी डबी लावून देतो.

आमच्याकडे २१ इंची ट्यूबचाच आहे आणि तोच राहणार, असं मी घरात सांगून टाकलंय. चिरंजीवांना ३२ इंची हवा आहे. त्यांचं म्हणणं, मित्र घरी आले की लाज वाटते. शेजारी एलसीडी आलाय, मी पाहिला. केबलचं जुनं चित्र मुळात ६२५ ओळींचं. ते मोठ्या पडद्यावर ताणलं की माणसांचे चेहरे फिसकटतात. आमच्या छोट्या पडद्यावर तेच चित्र घट्ट दिसतं. सासूबाई सकाळचं प्रवचन कोपऱ्यातल्या खुर्चीतून बघतात, तिरकं बसूनही रंग बदलत नाहीत.

विजेचं म्हणाल तर एलईडी कमी घेतो, हे मान्य. पण आमचा संच १०० वॅट धरला आणि रोज तीन तास चालला, तरी महिन्याला नऊच युनिट होतात. त्यातले निम्मे वाचवायला नवा टीव्ही घ्यायचा? आणि एवढं करून टीव्ही मोठा झाला की तो जास्त वेळ चालतो, हे प्रत्येक घरात दिसतं.

मला खरा प्रश्न पडला तो एक्स्चेंजमध्ये दिलेल्या संचाचा. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “भंगारवाला नेतो, ताई.” पुढचं त्याला माहीत नव्हतं. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आतले क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून घातलेलं, एका संचात किलोच्या घरात. भंगारात ती काच हातोड्याने फोडतात, का तर मानेवरच्या गुंडाळीतलं तांबं काढायला. फोडणारा बहुतेक वेळा उघड्या हातांनी काम करणारा कोणी पोरगा. शिसं मातीत जातं, पावसात पाण्यात जातं. आपण पाणी गाळून पितो, रात्री जेवत नाही, आणि थोड्याशा सवलतीसाठी हे दुसऱ्याच्या दारात टाकतो!

१ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले. त्या नियमांनुसार टीव्ही बनवणाऱ्या कंपनीने जुना संच परत घेण्याची व्यवस्था करायची होती. तेव्हा संच खरंच गेला असेल, ट्यूबच उडाली असेल, तर कंपनीच्या केंद्रात फोन करून विचारा. नुसता आवाज गेला किंवा चित्र आडवं एका रेघेत आलं, तर ती साधी दुरुस्ती आहे. आमचं रेघेचं काम साडेतीनशे रुपयांत झालं.

आपल्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाला मर्यादा घालायची असते. ती मर्यादा आपण दागिन्यांवर आणि साड्यांवर मोजतो, हॉलमधल्या भिंतीवर क्वचितच.

एक यत्नाचाराची गोष्ट. ट्यूबची पाठ उबदार राहते, म्हणून मुंग्या आणि झुरळं जाळीतून आत शिरतात. संच भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि लावण्याआधी मऊ ब्रशने मागची जाळी हलकेच झाडा. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. बटण बंद करून प्लग काढला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा झटका बराच वेळ साठून राहतो. ते काम मेकॅनिकचंच.