भ्रूणतपासणी : काय कळते, काय कळत नाही

गेल्या हिवाळ्यात कळमनुरी तालुक्यातील एक आजोबा अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आले. नातू सिकलसेलचा रुग्ण. थंडी वाढली की त्याचे हातपाय असह्य दुखतात. आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता म्हणे आधीच तपासून बिनरोगाचं बाळ मिळतं. दोन एकर विकायची तयारी आहे. असं लेकरू पुन्हा नको." नातू शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली.

वाचकहो, आजोबांनी ऐकले ते खोटे नव्हते. टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीने शरीराबाहेर भ्रूण तयार करतात, साधारण पाचव्या दिवशी त्यातील मोजक्या पेशी काढून ठराविक जनुकीय दोष आहे का ते पाहतात आणि निरोगी भ्रूण गर्भाशयात सोडतात. 1990 च्या सुमारास लंडनमध्ये ही पद्धत प्रथम वापरली गेली.

मात्र तिच्या मर्यादा समजून घ्या. कुटुंबातील नेमका दोष आधी ठाऊक असावा लागतो. जो दोष शोधला, त्याचेच उत्तर मिळते. भ्रूण निरोगी निघाले तरी ते गर्भाशयात रुजेलच असे नाही. तपासणी क्वचित चुकते, म्हणून गर्भ राहिल्यावर पुन्हा खात्री करण्याचा सल्ला देतात. मधुमेह, रक्तदाब, बुद्धी यांवर अनेक जनुकांचा आणि राहणीमानाचा एकत्रित प्रभाव असतो. त्यांची हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नये.

कायद्याची सीमाही स्पष्ट आहे. गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा कायदा देशात सर्वप्रथम आपल्या महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. पुढे 1994 चा केंद्रीय कायदा आला आणि 2003 च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. 2021 च्या कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी केवळ ज्ञात आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. नातूच हवा, या हट्टाला येथे जागा नाही.

जमीन विकण्याआधी सोपे मार्ग पाहावेत. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढचे तीन सुटले, असे गणित नसते. लग्न ठरवतानाच दोघांच्या रक्ताची साधी तपासणी केली तर पुढचा बराच मनस्ताप टळतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर अशा तपासणीवरच आहे. गर्भ राहिल्यावर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश तपासूनही निदान होते. त्यानंतरचा निर्णय मात्र त्या दांपत्याचा, विशेषतः त्या स्त्रीचा, सासू-सासऱ्यांचा नव्हे.

ज्येष्ठांना आणखी एक विनंती. "सुनेच्या माहेरचा दोष" हे वाक्य घरातून हद्दपार करा. रुग्ण बाळाला सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळते. म्हणजे आपल्या मुलाला ते बहुधा आपल्यापैकीच एकाकडून मिळालेले असते. यात कोणाचाही अपराध नाही.

त्या दिवशी नातवाला बाहेर बसवून मग बोलणी करायला हवी होती. ते मला वेळीच सुचले नाही, ही माझी चूक. उशिरा का होईना, मी त्याला जवळ घेऊन भरपूर पाणी पिणे, थंडीत अंग उबदार ठेवणे, गोळ्या न चुकवणे हे समजावले; ताप किंवा छातीत दुखणे आल्यास तत्काळ रुग्णालय गाठण्यास आजोबांना सांगितले. पुढच्या बाळाची तपासणी जरूर करा, परंतु ती चर्चा आजारी लेकरासमोर करू नका. "असं लेकरू नको" हे शब्द त्याला स्वतःविषयीच ऐकू येतात. जाताना आजोबांनी नातवाची कानटोपी नीट केली आणि त्याचा हात धरला.