वायूला भिंत अडवत नाही

वर्षाचे धान्य भरण्याचे दिवस आणि घराचे पेस्ट कंट्रोल करून घेण्याचे दिवस साधारण एकाच हंगामात येतात. मुलांना सुट्टी लागते, घरातली माणसे गावी जातात आणि ढेकूण, झुरळे, उंदीर, वाळवी यांचा एकदाचा बंदोबस्त करून टाकू, असे ठरते. गावाकडे गहू, ज्वारी, तूर कोठीत जाते आणि पोरकिडा लागू नये म्हणून कुणीतरी सांगते, ‘दोन गोळ्या फडक्यात बांधून टाका, वर्षभर बघायला नको.’ या दोन्ही ठिकाणी एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. जे औषध वापरले जात आहे ते फवारा आहे, पेस्ट आहे, की विषारी वायू?

या फरकावर माणसांचे जीव अवलंबून असतात. ओट्याच्या फटीत लावलेली झुरळांची जेल जिथे लावली तिथेच राहते. फवारलेले कीटकनाशक बहुतांशी पृष्ठभागावर बसते. महापालिकेची डासांसाठीची धूरफवारणी म्हणजे औषधाचे हवेत सोडलेले बारीक थेंब. ती काही वेळाने विरून जाते. धुरीकरण, म्हणजे फ्युमिगेशन, ही या सगळ्यांहून वेगळी गोष्ट आहे. त्यात बंद जागा विषारी वायूने भरून टाकायची असते. तो वायू लाकडाच्या छिद्रात, पोत्याच्या मध्यभागी, दाण्याच्या आतल्या अळीपर्यंत पोहोचतो, म्हणूनच तो गुणकारी ठरतो. पोत्यातून आरपार जाणारा वायू भिंतीतल्या भेगेतून, विजेच्या तारांच्या नळीतून, बाथरूमच्या डक्टमधून किंवा माळ्याच्या फटीतून शेजारच्या घरातही जातो. शेजारी झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो.

आपल्याकडे धुरीकरणासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. बाजारात लोक याला ‘धान्यातल्या गोळ्या’ म्हणतात. गोळी हवेतल्या ओलाव्याशी आली की तिच्यातून फॉस्फिन वायू बाहेर पडू लागतो. ही क्रिया काही तासांत सुरू होते आणि दोन-तीन दिवस किंवा त्याहून अधिक काळ चालू राहते. हवा दमट आणि उष्ण असेल तर ती वेगाने होते. कोकणातल्या पावसाळी हवेत आणि विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तीच गोळी सारख्या वेगाने वागत नाही. ‘रात्री ठेवली, सकाळी काढली, संपले काम’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

हिशेबच करायचा तर असा करून पाहावा. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन तयार होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा बंद खोलीत तो पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे २५ भाग होते. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मान्य केलेली मर्यादा आहे दहा लाखांत ०.३ भाग. म्हणजे एकच गोळी त्या खोलीतली हवा मर्यादेच्या ऐंशी पटींहून पुढे नेऊ शकते. दोन गोळ्यांनी ५० भागांची पातळी गाठली जाते आणि ती पातळी जीवाला तत्काळ धोका मानली जाते. कोठीजवळ किंवा पलंगाखाली ठेवलेल्या गोळ्यांची संख्या पुष्कळदा याहून जास्त असते.

फॉस्फिन शरीरात काय करतो, हे समजले की या आकड्यांचा अर्थ लागतो. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी जी यंत्रणा आहे, तीच तो बंद पाडतो. फुप्फुसांत ऑक्सिजन येतो, रक्त तो वाहून नेते, पण पेशीला तो वापरता येत नाही. हृदयाचे स्नायू थकतात, रक्तदाब कोसळतो, रक्तात आम्ल वाढते. फुप्फुसांत पाणी भरणे काही वेळा बऱ्याच तासांनंतर सुरू होते. या विषावर उतारा नाही. रुग्णालयात जे उपचार होतात ते हृदय, श्वास आणि मूत्रपिंडे तग धरून राहावीत म्हणून. लहान मुले वजनाच्या मानाने जास्त हवा श्वासात घेतात, त्यामुळे एकाच खोलीत झोपलेल्या आईवडिलांपेक्षा मुलांवर आघात मोठा होतो.

त्यात निदानाची अडचण असते. सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोके दुखणे, मळमळ, उलट्या, पोटात कळ, छाती आवळल्यासारखी वाटणे, धाप. घरातल्या चार-पाच जणांना एकदम उलट्या सुरू झाल्या की घरचे लोक आणि अनेकदा डॉक्टरही आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतात. सलाईन लावून रुग्णाला पुन्हा त्याच घरात पाठवले जाते. वासावर विसंबूनही चालत नाही. बाजारातल्या गोळ्यांच्या वायूला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो खरा, पण शुद्ध फॉस्फिनला वास नसतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नये.

हे सगळे कागदावरचे भय नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूर येथे उंदरांसाठी घरात औषध ठेवून घेतल्यानंतर रात्री वातानुकूलित खोलीत झोपलेल्या कुटुंबातली दोन लहान मुले दगावली आणि आईवडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अमेरिकेत युटा राज्यातल्या लेटन गावी फेब्रुवारी २०१० मध्ये अंगणातल्या बिळांत घराच्या फार जवळ गोळ्या टाकल्या गेल्या आणि घरातल्या दोन चिमुकल्या बहिणी गेल्या. तिथे गोळ्या घरात नव्हत्याच, त्या बाहेरच्या जमिनीत होत्या. त्यानंतर त्याच वर्षी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी जागांभोवती या गोळ्यांचा वापर पूर्णपणे बंद केला आणि माणसांची ये-जा असलेल्या इतर इमारतींपासूनचे अंतर १५ फुटांवरून १०० फूट केले. टेक्सासमधल्या अमारिलो शहरात जानेवारी २०१७ मध्ये घराखाली टाकलेले औषध पाण्याने धुऊन टाकण्याचा प्रयत्न झाला. पाण्यामुळे वायू जोरात सुटला आणि चार भावंडांचा जीव गेला. मदतीला आलेल्या पथकाला आधी कार्बन मोनॉक्साइडचा संशय आला होता.

दुसरा वायू मिथाइल ब्रोमाइड. निर्यातीचा माल, लाकडी खोकी आणि जहाजावरचे कंटेनर यांच्यासाठी तो वापरला जातो. तो हवेपेक्षा तिपटीहून जड, जवळजवळ वास नसलेला आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारा आहे. मार्च २०१५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट जॉन बेटावर सुट्टीसाठी आलेले चौघांचे कुटुंब ज्या इमारतीत उतरले होते, तिच्या खालच्या भागात हा वायू सोडण्यात आला होता. चौघेही गंभीर आजारी पडले. अमेरिकेत घरांमध्ये तो वापरण्यावर १९८४ पासूनच बंदी होती. खटला झाला, कंपनीला जबर दंड झाला, पण मज्जासंस्थेला झालेली इजा दंडाने भरून निघाली नाही.

भारतात कायदा नाही असे नाही. १९५८ मध्ये केरळात कीटकनाशक मिसळलेल्या अन्नधान्यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्या धक्क्यातून पुढे कीटकनाशके अधिनियम, १९६८ आला. या कायद्याखालील नियमांनुसार अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड किंवा मिथाइल ब्रोमाइड वापरून कीडनियंत्रणाचे काम करायचे तर स्वतंत्र परवाना लागतो. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडचे काम शासकीय यंत्रणा किंवा परवानाधारक व्यावसायिकांनीच आणि तेही मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या कडक देखरेखीखाली करायचे आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून पूर्ण बंदी आहे. म्हणजे किराणा किंवा कृषी सेवा केंद्राच्या दुकानातून कुणालाही चार गोळ्या सुट्या मिळणे हे नियमात कुठेच बसत नाही. त्या मिळतात, आणि नियम आणि दुकानाचे काउंटर यांच्यामधल्या या अंतरातच माणसे सापडतात.

धुरीकरणाचे नियम तसे थोडे आणि साधे आहेत. ज्या जागेत वायू सोडायचा ती पूर्ण रिकामी हवी. माणसे, पाळीव प्राणी, पक्षी, सर्व बाहेर. जिथे भिंत, छत किंवा डक्ट सामाईक आहे तिथे शेजारचा भागही रिकामा हवा. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या एका खोलीपुरते हे शक्यच नसते. म्हणून ज्या इमारतीत लोक राहत आहेत, तिथल्या एका घरात विषारी वायू वापरायचाच नाही, हाच नियम धरला पाहिजे. गोदामात काम करताना किमान दोन प्रशिक्षित माणसे हवीत, एकट्याने आत जायचे नाही. रुमाल, कापडी किंवा साधा वैद्यकीय मास्क वायू अडवत नाही. त्यासाठी योग्य श्वसनयंत्रच लागते. दारावर कवटीच्या चिन्हासह मराठीत फलक हवा: कोणता वायू, केव्हा सोडला, संपर्क कुणाशी. गोदाम उघडल्यावर वारा खेळू द्यायचा आणि आत जाण्याचा निर्णय घड्याळ पाहून घ्यायचा नाही. तो वायूमापक यंत्र पाहून घ्यायचा. उरलेल्या करड्या भुकटीतही न विरलेला अंश असू शकतो, ती उघड्यावर किंवा कचराकुंडीत टाकायची नाही. गोळ्यांवर किंवा भुकटीवर घरच्या घरी पाणी ओतणे तर कधीच नाही.

घरापुरते बोलायचे तर या वायूची गरजच नसते. धान्य कडक उन्हात चांगले वाळवून, थंड करून, कोरड्या हवाबंद कोठीत भरले तर किडीला लागणारा ओलावा आणि हवा दोन्ही मिळत नाहीत. डाळींना एरंडेल तेलाचा हात लावण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. सहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांचे धान्य भरणे शहरातल्या घराला सहज जमते. ढेकणांसाठी चादरी, अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुणे, पलंगाच्या सांध्यांना वाफ देणे, फटी बुजवणे हे कष्टाचे पण निर्धोक उपाय आहेत. उंदरांसाठी आधी कचरा आणि बिळे, मग सापळा.

पेस्ट कंट्रोलवाल्याला तीन प्रश्न विचारावेत: परवाना कुठे आहे, औषधाचे नाव काय, आणि ते फवारायचे आहे की वायूरूप आहे. ‘आमचे सिक्रेट औषध आहे’ असे उत्तर आले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. सोसायटीच्या सचिवांनी कोणत्याही घरातल्या कामाची नोंद ठेवावी आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळवावे. पाहुणे, भाडेकरू आणि घरकामाला येणाऱ्या बायांनाही हे कळले पाहिजे.

तरीही अंगावर प्रसंग आलाच तर माणसांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे. आत कुणी बेशुद्ध असेल तर संरक्षणाशिवाय धावत आत शिरू नये. १०८ ला फोन करून ‘विषारी वायू’ हे शब्द आवर्जून सांगावेत आणि औषधाचे वेष्टन किंवा त्याचा फोटो रुग्णालयात न्यावा. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांनी सांगितले तितका वेळ देखरेखीखाली राहावे, कारण फुप्फुसांवरचा परिणाम उशिरा दिसतो. डॉक्टरांच्या बाजूनेही एक सवय लागायला हवी. एकाच घरातले अनेकजण उलट्या घेऊन आले की ‘काल काय खाल्ले?’ या प्रश्नापाठोपाठ ‘घरात किंवा शेजारी औषध मारले का, गोळ्या ठेवल्या का?’ हाही प्रश्न आला पाहिजे. त्याला दहा सेकंद लागतात.

सरकारकडून अपेक्षा दोनच आहेत. सुट्या गोळ्यांची विक्री थांबेल इतकी दुकानांची तपासणी व्हावी आणि लोक राहत असलेल्या इमारतींमध्ये फॉस्फिनच्या वापरावर निःसंदिग्ध, ठळक बंदी यावी. अमेरिकेत तसे पाऊल दोन मुली गेल्यानंतर पडले. आपल्याकडे त्यासाठी आणखी मुलांचे जीव जाण्याची वाट पाहायचे कारण नाही.