पणजी पायी पाहावी

शहरात राहणे आणि शहर ओळखणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. पहिलीला घरभाडे पुरते, दुसरीला पाय लागतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण रोज पणजीत येतात. कदंब बसने येतात, वडिलांच्या स्कूटरवरून येतात, शाळेच्या गाडीने येतात. वर्गात त्यांना दिल्लीचा लाल किल्ला कोणी बांधला हे विचारले तर दहा हात वर होतात. परंतु ज्या चौकातून ते रोज जातात त्या चौकातील उद्यानाला ज्या वैद्याचे नाव आहे तो वैद्य कोण, असे विचारले की वर्ग गप्प होतो. यात मुलांचा दोष नाही. वाहनातून दिसते ते शहर नव्हे, ती केवळ पाट्यांची रांग असते. शहर समजून घ्यावयाचे तर ते पायी हिंडूनच घ्यावे लागते, आणि पणजीसारख्या आटोपशीर राजधानीच्या बाबतीत तर तसे न करण्यास सबबच नाही, असे माझे मत आहे.

प्रथम या शहराची घडणच पाहा. पणजी हे पूर्वी मांडवीच्या मुखाजवळील एक दलदलीचे गाव होते. आदिलशाहीच्या काळातील वाडा तेवढा नदीकाठी उभा होता. रोगराईने जुने गोवे ओसाड पडू लागले, तेव्हा १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपले निवासस्थान या वाड्यात हलविले. पुढे एकोणिसाव्या शतकात, दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू याच्या कारकिर्दीत, दलदली बुजवून सरळ रस्ते आखले गेले आणि १८४३ साली हे गाव अधिकृतपणे राजधानी झाले. हा इतिहास पुस्तकात चार ओळींचा आहे. पायी चालणाऱ्याला मात्र तो जमिनीवर लिहिलेला दिसतो. शहराच्या मध्यभागी रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, कारण तेथे भराव टाकून कोऱ्या जमिनीवर आखणी झाली. तेथून फोंतायनश भागात शिरावे, तो गल्ल्या वळू लागतात, अरुंद होतात, चढतात. कारण तो भाग आल्तिनो टेकडी आणि उरें खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसला आहे. मुसळधार पावसात, विशेषतः भरतीच्या वेळी, शहराच्या सखल भागात पाणी का तुंबते याचेही उत्तर येथेच आहे. जी जमीन पाण्याची होती तिच्यावर आपण राहतो; पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. भूगोलाचा हा धडा फळ्यावर शिकविण्यास एक तास लागतो, आणि तरी तो पटत नाही. पायाखालचा उतार तो पाच मिनिटांत पटवितो.

रायबंदरकडून येणारा जुना बांध हे दुसरे उदाहरण. काउंट लिन्यारेश या व्हाइसरॉयच्या काळात, १६३३–३४ च्या सुमारास, तो बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, जांभ्या दगडाचा हा मार्ग खाजणांतून काढलेला आहे. आजही त्यावरून वाहने धावतात. बसच्या खिडकीतून त्याची ओळख पटत नाही. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खाजण असे दृश्य चालताना दिसले, म्हणजे पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गवंड्यांच्या आणि मजुरांच्या श्रमांची कल्पना येते. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. काउंटचे नाव उरले. दगड वाहणारे हात इतिहासाने लिहून ठेवले नाहीत. चालणाऱ्याने तरी त्यांची आठवण ठेवावी.

आता उद्यानांकडे वळू. सार्वजनिक उद्यान ही शहरातील सर्वांत उदार जागा होय. दुकानात शिरणाऱ्याला काहीतरी विकत घ्यावे लागते, कचेरीत शिरणाऱ्याला काम सांगावे लागते. उद्यानात बसणाऱ्याला कोणीही काही विचारीत नाही. तेथे निवृत्त न्यायाधीश आणि हमाल एकाच बाकावर विसावतात. म्हणून एखाद्या शहराची संस्कृती पाहावयाची असेल तर त्याच्या राजवाड्यांपेक्षा त्याची उद्याने आधी पाहावीत, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

पणजीच्या चर्चचौकातील उद्यान गार्सिया द ओर्ता याच्या नावाने ओळखले जाते. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आला आणि गोव्यातच स्थायिक झाला. येथील औषधी वनस्पतींवर संवादरूपाने लिहिलेला त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी तो एक होय. युरोपातील जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांना काय दिसते आणि येथील वैद्य काय सांगतात, याला त्याने अधिक मान दिला. १५६८ मध्ये तो वारला. पण तो ज्यू वंशातील असल्यामुळे धर्मन्यायालयाने १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्याच्या अस्थींनाही या भूमीत विश्रांती मिळू दिली नाही, त्याच्या नावाच्या सावलीत आज मुले घसरगुंडी खेळतात. विद्येचा सूड विद्येसारखाच सौम्य असतो!

त्याच उद्यानाच्या मध्यभागी एक उंच स्तंभ आहे. पोर्तुगीज अमदानीत त्याच्या माथ्यावर वास्को द गामाचा अर्धपुतळा होता. गोवा मुक्त झाल्यानंतर तेथे अशोकाचे सिंह आले. तेथून जवळच असलेल्या आझाद मैदानावर खांबांचा एक मंडप आहे. त्याचे खांब जुन्या गोव्यातील एका उद्ध्वस्त चर्चमधून आणलेले आहेत. त्या मंडपात एके काळी आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा होता. आज तेथे गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य (१८९१–१९५८) यांचे स्मारक आहे.

या दोन जागांपाशी माझ्या मताचा गाभा आहे. काहीजण म्हणतात, परकीयांनी बांधलेल्या या वास्तूंचे कौतुक मुलांना कशाला शिकवावे? प्रश्न योग्य आहे, आणि तो विचारणाऱ्यांच्या घरी पारतंत्र्याचे चटके बसलेले असतात, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. परंतु त्याचे उत्तर त्या स्तंभानेच दिले आहे. आपण स्तंभ पाडला नाही. त्याने काय मिरवावे हे आपण ठरविले. ज्या खांबांनी आधी देऊळरूपी चर्चचे छप्पर पेलले, मग जेत्याचा पुतळा सांभाळला, तेच आज एका मुक्तिसैनिकाच्या स्मृतीवर छाया धरतात. दगडाला राज्यकर्ता नसतो. त्याला अर्थ देणारी माणसे असतात. ज्या विद्यार्थ्याला हा इतिहास ठाऊक आहे तो त्या खांबाकडे पाहून ना लाजेल, ना भारावून जाईल. तो विचार करील. जो तेथून नुसता स्कूटरवर बसून जातो त्याच्या दृष्टीने मात्र मुक्तीपूर्वीही तेथे एक खांब होता आणि मुक्तीनंतरही एक खांबच आहे. अशा मनाला स्वातंत्र्याचा अर्थ भाषणांनी कसा कळावा?

रस्त्यांच्या नावांतही हीच शाळा भरलेली असते. फोंतायनशमधून ३१ जानेवारीच्या नावाचा रस्ता जातो; ती तारीख पोर्तुगालच्या इतिहासातील. बाजारपेठेतून १८ जूनच्या नावाचा रस्ता जातो. ती तारीख आपल्या इतिहासातील, कारण १९४६ साली त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली. एका शहरात दोन कालगणना शेजारी नांदतात. वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा पाया घातला. पुतळा १९४५ साली मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडविला. मोठ्या सभेत गोंधळलेल्या फारियाला वडिलांनी ‘कातर रे भाजी’ असे कोंकणीत सांगून धीर दिला, ही आख्यायिका आपल्याकडे सर्वांना पाठ असते. पण पुतळ्यासमोर उभे राहून ती सांगितली म्हणजे परक्या देशात आपल्या भाषेतील तीन शब्द किती बळ देतात हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर झाडांविषयी थोडे सांगतो. माझ्या घरची भाषा कोंकणी आणि वर्गातील भाषा मराठी. त्यामुळे एका झाडाला दोन नावांनी हाक मारण्याची मला सवय आहे. घरी ज्याला आम्ही ओंवळ म्हणतो ती वर्गात बकुळ होते. सुगंध तोच राहतो. वनस्पतिशास्त्रात तिला ‘मिमुसॉप्स एलेंगी’ म्हणतात, आणि त्यातील ‘एलेंगी’ हा शब्द मूळ मलयाळम आहे. तो जगाच्या शास्त्रात गेला तो ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथामुळे. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथासाठी केरळातील वैद्य इट्टी अच्युदन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले. त्यांचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. आपल्या पूर्वजांना झाडांची नावे इतकी चांगली ठाऊक होती की, युरोपने ती त्यांच्याकडून लिहून घेतली. आज आपली मुले उद्यानात जातात आणि सगळ्या झाडांना ‘झाड’ एवढेच म्हणतात. तीनशे वर्षांत हा केवढा तोटा झाला!

आणि हा तोटा केवळ शब्दांचा नाही. कांपालच्या रस्त्यावर पर्जन्यवृक्षांच्या विशाल फांद्यांचे छत आहे. जवळच फ्रांसिश्कु लुईश गोमिश (१८२९–१८६९) यांच्या नावाचे उद्यान आहे. लिस्बनच्या संसदेत गोव्याची बाजू मांडणारा हा लेखक मायदेशी परतताना समुद्रातच निधन पावला. हे पर्जन्यवृक्ष मूळ अमेरिका खंडातील, गुलमोहर मादागास्करचा, काजू ब्राझीलचा. आज त्यांच्यावाचून गोवा डोळ्यांपुढे येत नाही. जो परका येथे मुळे धरून सावली देतो तो आपला होतो, हे झाडे न बोलता शिकवितात. परंतु रस्ता रुंद करावयाचा असो वा नवी इमारत उभारावयाची असो, पहिला घाव झाडावर पडतो. तेव्हा ते झाड वाचवावे असे कोणाला वाटेल? ज्याला त्याचे नाव माहीत आहे, जो त्याखाली बसला आहे, त्यालाच. अनोळखी माणसाच्या मृत्यूची बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. झाडांचेही तसेच होते. म्हणून पायी हिंडण्याचा प्रश्न मला करमणुकीचा वाटत नाही. नगराच्या रक्षणाचा तो प्रश्न आहे.

यावर पालकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. ऊन फार असते, पावसाळा लांब असतो, वाहनांची भीती असते, अभ्यासक्रम संपत नाही. पहिल्या दोहोंचे उत्तर सोपे आहे: डिसेंबर–जानेवारीत सकाळी सात वाजता निघावे आणि दहाच्या आत परतावे. फोंतायनशपासून मळ्याच्या झरीवरून, आल्तिनोच्या उतारावरील मारुतीचे दर्शन घेऊन, चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांखालून उद्यान, आझाद मैदान, आदिलशाही वाडा आणि नदीकाठाने कांपाल हे सारे अंतर काही कोसांचे नाही. सातवीतील मूल ते हसतखेळत चालते. वाहनांच्या भीतीचा आक्षेप मात्र गंभीर आहे. पण मुलांना चालता येऊ नये अशी पदपथांची स्थिती असेल, पदपथांवर गाड्या उभ्या असतील, तर उपाय मुलांना घरी बसविण्याचा नसून गाड्या हलविण्याचा आहे. पन्नास पालक आपल्या मुलांसह चालू लागले तर महानगरपालिकेला पदपथ दिसू लागतील. अभ्यासक्रमाविषयी एवढेच म्हणतो की, इतिहास, भूगोल, शास्त्र आणि भाषा या चारही विषयांचा तास एकाच सकाळी घेणारा याहून चांगला शिक्षक मला माहीत नाही.

मात्र हिंडण्याचीही एक रीत असते. फोंतायनशमधील घरे ही प्रदर्शनातील चित्रे नव्हेत. त्यांच्या शिंपल्यांच्या तावदानांआड माणसे राहतात, आजारी म्हातारी निजलेली असते, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असते. त्यांच्या पायऱ्यांवर चढून छायाचित्रांसाठी आरडाओरड करणारे पाहुणे आपण पाहतो. आपण पाहुणे नव्हे, शेजारी आहोत. शेजाऱ्याने हळू बोलावे, नमस्कार करावा आणि एखादे आजोबा ओसरीवर दिसले तर ‘हे घर केव्हाचे?’ असे विचारावे. एका प्रश्नातून अर्ध्या तासाचा इतिहास मिळतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात नसतो.

माझी सूचना साधी आहे. येत्या वर्षी प्रत्येक इयत्तेने शहराची एक वाट आणि उद्यानातील एक झाड निवडावे. वर्षातून तीनदा त्या वाटेने चालावे. झाडाचे कोंकणी, मराठी आणि शास्त्रीय नाव वहीत लिहावे. ते केव्हा फुलले, केव्हा पानगळ झाली, त्यावर कोणते पक्षी बसले याची नोंद ठेवावी. दहावीनंतर ती वही खालच्या वर्गाच्या हाती द्यावी. शाळा सोडताना विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन जातो. मागे त्याने एका झाडाची वही ठेवून जावे. पंचवीस वर्षांनी त्या झाडावर कोणी कुऱ्हाड उगारली, तर त्याच्या बाजूने साक्ष द्यावयाला निदान पंचवीस वर्गांतील माणसे असतील. विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या फाटकापासून ते उद्यान फार दूर नाही. तेवढे अंतर चालून जा.