घराचे बळ

मुलांनो, वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेलात म्हणजे बापूकुटी तुम्ही पाहताच. माती, लाकूड व बांबू यांची ती कुटी. वर कवेलूंचे छप्पर. ती पाहून पुष्कळ माणसे म्हणतात, "छान आहे, पण राहावयास घर हवे ते जाड दगडी भिंतींचेच!" हे मत मला पटत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील गावे भूकंपाने हादरली. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ती घरे कशी होती? भिंती दगडाच्या, दोन-तीन फूट जाड. पाहणाऱ्यास जणू गढीच वाटावी. परंतु ती भिंत वस्तुतः एक नव्हतीच. आत दगडांचा एक पदर, बाहेर दुसरा आणि मध्ये गोटे व माती यांची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब दगड क्वचितच. वर माळवद, गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढवून तेही जड झालेले. धरणी हलताच पदर सुटले आणि सारा भार निजलेल्यांवर कोसळला. काही घरांत मात्र भिंती पडल्या तरी लाकडी खांब-तुळयांचे खण उभे राहिले. माळवद वरच राहिले.

मग घर सिमेंटचे असले की झाले? तसेही नव्हे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटरवरील अहमदाबादेत सिमेंटच्या अनेकमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकींचा तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता.

घराचे बळ जाडीत नाही, जोडणीत आहे. बुरूड टोपलीचा काठ वळून घट्ट बांधतो. काठ नसेल तर टोपली उसवते. घरालाही असा काठ हवा. दारेखिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर सळई-सिमेंटचा अखंड पट्टा फिरवावा. दगडी भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड घालावेत, कोपरे एकमेकांत गुंतवावेत.

"पण आपल्या जिल्ह्यात कोठे भूकंप होतात?" असे कोणी विचारील. १९९३ सालच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा प्रदेश देशातील सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता! पुढे २००२ साली तो विभागच नकाशातून काढून टाकण्यात आला.

असा पट्टा घालावयाचा, तर भिंत चढण्यापूर्वीच गवंड्यास सांगावे लागते. नव्या घरास रंग कोणता द्यावा, याविषयी आपल्याकडे महिनाभर चर्चा चालते; या पट्ट्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही.