लाल अक्षरांतले आकडे आणि धावणारे शरीर

बेंगळुरूत पहाटे कब्बन पार्कला फेरी मारली, तर धावणाऱ्यांची संख्या पाहून नवल वाटावे. 2008 पासून येथे भरणाऱ्या 'वर्ल्ड 10के' शर्यतीने आणि तिच्यामागून आलेल्या अनेक शर्यतींनी ही हौस घरोघरी पोहोचवली. जोडीला आली ती घरी येऊन रक्त नेणाऱ्या प्रयोगशाळांची 'फुल बॉडी चेकअप' पॅकेजेस. रविवारी एकवीस किलोमीटर धावलेला तरुण सोमवारी उपाशीपोटी रक्त देतो आणि संध्याकाळी मोबाइलवर आलेल्या अहवालात यकृत, मूत्रपिंड, रक्त अशी तिन्ही खाती लाल झालेली पाहून हादरतो. मी वैद्य नाही. मापन हा माझा पेशा आहे. आणि मापनाच्या दृष्टीने पाहता, या अहवालांची तुलनाच बहुधा चुकीच्या मापाशी होते, असे माझे ठाम मत आहे.

अहवालात आकड्याशेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' कोठून येते? निरोगी मानल्या गेलेल्या लोकांची मोजमापे घेऊन त्यांतील मधले 95 टक्के आकडे ज्या पट्ट्यात पडतात, तो पट्टा म्हणजे ही मर्यादा. म्हणजेच प्रत्येक चाचणीत शंभरांतील पाच निरोगी माणसे व्याख्येनेच पट्ट्याबाहेर जातात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर संपूर्ण निरोगी माणसाचा निदान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता 64 टक्के होते. प्रत्यक्षात चाचण्या परस्परांशी निगडित असल्याने ही शक्यता काहीशी कमी भरते. तरीही साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजात एखादे लाल अक्षर न येणे हेच नवल.

धावपटूच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. हा पट्टा ज्यांच्यावरून ठरला, ते लोक आठवड्याला साठ किलोमीटर धावत नव्हते. नियमित सरावाने रक्तातील द्रवभाग वाढतो. समजा, पूर्वी 5 लिटर रक्तात 700 ग्रॅम हिमोग्लोबिन होते. म्हणजे अहवालात 14.0. सरावानंतर हिमोग्लोबिन 720 ग्रॅम झाले, पण रक्त 5.6 लिटर झाले. अहवाल आता 12.9 सांगेल आणि पुरुषांसाठी 13 ची खालची मर्यादा असल्याने 'रक्त कमी' असा शेरा पडेल. प्राणवायू वाहणारा माल वाढलेला असताना! अहवाल संहती मोजतो, एकूण साठा मोजत नाही.

यकृताच्या चाचण्यांचेही तसेच. एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे स्नायूंतही असतात. लांब शर्यतीनंतर स्नायूंतील सीपीके अनेक पटींनी वाढते, त्याबरोबर हीही वाढतात आणि उतरायला काही दिवस लागतात. जीजीटी हे विकर मात्र स्नायूंतून येत नाही. ते स्थिर असून सीपीके चढलेले असेल, तर संशयाची सुई यकृताकडून पायांकडे वळते.

येथवर वाचून कोणी 'म्हणजे धावणाऱ्याने अहवालाकडे लक्षच देऊ नये' असा अर्थ काढला, तर तो घातक ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यात धावण्याने घामावाटे लोह जाते, तळव्यांच्या आघाताने तांबड्या पेशी फुटतात आणि कठोर सरावानंतर काही तास आतड्यांतून लोह कमी शोषले जाते. अशा मुलीचा थकवा 'खेळाडूंचे असेच असते' म्हणून उडवून लावणे हा अन्याय आहे. शिवाय लोहसाठा दाखवणारे फेरिटिन दाह असताना वाढते. शर्यतीनंतर लगेच मोजले, तर रिकामे कोठारही भरलेले भासू शकते. आणि शर्यतीनंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर आकडेमोड बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मग खरे माप कोणते? आपले स्वतःचे. फिनलंडचा स्कीपटू ईरो मेंतिरांता याने 1964 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. त्याचे हिमोग्लोबिन 20 च्या वर असे आणि त्यावरून संशयही घेतला गेला. 1993 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की त्याच्या घराण्यातच एक जनुकीय बदल चालत आला होता. त्याच्यासाठी तोच आकडा स्वाभाविक होता. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2009 मध्ये स्वीकारलेला 'जैविक पासपोर्ट' याच विचारावर उभा आहे: आरंभी लोकसंख्येचा पट्टा, मग प्रत्येक नव्या मोजमापासरशी त्या खेळाडूचा स्वतःचा अधिकाधिक अरुंद पट्टा. फसवणूक पकडण्यासाठी वापरलेली ही युक्ती प्रामाणिक धावपटूच्या आरोग्यासाठी का वापरू नये?

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. कठोर सरावानंतर दोन-तीन दिवस विश्रांती, पुरेसे पाणी, तीच प्रयोगशाळा, तीच वेळ. आणि सर्व अहवाल एका वहीत. एकाच माणसाचे हिमोग्लोबिन दिवसागणिक सुमारे 3 टक्के हलते, म्हणून दोन मोजमापांतील 8 टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ गोंगाट असू शकतो. 14 चे 13 झाले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तीन मोजमापे सलग उतरत गेली, तर मात्र विचारायला हवे.

देशपातळीवर शुभचिन्हे आहेत. येथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाने झालेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. सीएसआयआरच्या 'फिनोम इंडिया'ने सुमारे 10,000 भारतीयांची आरोग्यविषयक मोजमापे गोळा केली. भारतीय शरीरांसाठी भारतीय माप ही आस योग्यच आहे. पण त्यापुढची पायरी म्हणजे तीच माणसे पुन्हा पुन्हा मोजणे, आणि त्यांत धावणारे, पोहणारे, सायकल चालवणारेही असणे. तोवर प्रयोगशाळांनी निदान एवढे करावे: रक्त घेताना 'गेल्या तीन दिवसांत कठोर व्यायाम केलात का?' हा एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर अहवालावर छापावे. या एका ओळीने अनेकांची झोप वाचेल. आणि ज्यांनी खरोखरच काळजी करायला हवी, ते वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचतील.